नियम एक, ओळी अनेक

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘झून’ नावाचा म्युझिक प्लेअर बाजारात आणला. दोन वर्षांनी, ३१ डिसेंबर २००८ रोजी, त्यातले ३० जीबी क्षमतेचे प्लेअर ठिकठिकाणी एकाच दिवशी अडकून बसले. चालू करायला जावे तर पडद्यावर सुरुवातीचे चिन्ह उमटायचे आणि गाडी पुढे सरकायचीच नाही. कंपनीने सांगितलेला उपाय अजब वाटावा असा होता: बॅटरी पूर्ण उतरू द्या, १ जानेवारी उजाडू द्या, मग चार्ज करून पुन्हा चालू करा. आणि नव्या वर्षात ते प्लेअर खरोखरच, कोडला कुणी हात न लावता, पूर्ववत चालू लागले. एका दिवसापुरते आजारी पडून दुसऱ्या दिवशी आपोआप बरे होणारे यंत्र म्हटले की दोष तारखेच्या हिशेबात असणार, हे उघड आहे. तो तिथेच होता. पण तो ज्या प्रकारचा होता, त्यावरून सॉफ्टवेअरची चाचणी कशी लिहावी याबद्दल बरेच शिकता येते.

प्लेअरमधल्या घड्याळाकडून १९८० च्या पहिल्या दिवसापासून आज कितवा दिवस आहे, एवढा एकच आकडा मिळत असे. त्यावरून चालू वर्ष काढायचे काम एका छोट्या फंक्शनकडे होते. त्याची रीत सरळ होती. वर्ष १९८० धरून सुरुवात करायची आणि हातातले दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर एकेक वर्ष पुढे जायचे. वर्ष साधे असेल तर ३६५ दिवस वजा करायचे. लीप वर्ष असेल तर आधी दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का ते पाहायचे, आणि असतील तर ३६६ वजा करायचे. नसतील तर काय, याबद्दल कोडमध्ये काहीच नव्हते. २००८ हे लीप वर्ष, आणि त्याच्या शेवटच्या दिवशी हातात बरोबर ३६६ दिवस उरले. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप थांबेना. ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाबाकी होईना. प्रोसेसर त्याच दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी आकडा ३६७ झाला, वजाबाकी झाली, हातात १ उरला आणि फंक्शनची सुटका झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोड लिहिणारा लीप वर्ष विसरलेला नव्हता. त्यासाठी वेगळी फांदी कोडमध्ये होती. २९ फेब्रुवारी २००८ ही तारीख देऊन पाहिली असती तरी उत्तर बरोबर आले असते. ३० डिसेंबर २००८ लाही आले असते, कारण त्या दिवशी हातात ३६५ उरतात आणि लूप लगेच थांबतो. म्हणजे ‘लीप वर्ष तपासले का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे प्रामाणिक उत्तर देता आले असते, आणि तरीही दोष जागच्या जागी राहिला असता. चूक होती ती केवळ एका आकड्यापाशी. अशा चुका पकडायच्या तर एखादे प्रातिनिधिक उदाहरण घेऊन भागत नाही; एकाच नियमावर अनेक उदाहरणे, आणि तीही निवडून, लावून पाहावी लागतात. हे काम नीटनेटके करण्याची जी रीत प्रोग्रॅमरांच्या जगात रुळली आहे, तिला पॅरामीटराइज्ड टेस्ट म्हणतात. या रीतीचे कौतुक बहुधा चुकीच्या कारणासाठी होते आणि तिच्यावरची टीकाही बरेचदा चुकीच्या जागी होते, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू.

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या एका लहान भागाला ठरावीक इनपुट देऊन अपेक्षित उत्तर येते का ते पाहणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम. तो एकदा लिहून ठेवला की मूळ कोडमध्ये काहीही बदल झाला तरी दर वेळी काही सेकंदांत चालवता येतो. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेयुनिट हे साधन लिहिले, आणि त्यानंतर ही सवय सर्वदूर पसरली. मात्र सुरुवातीच्या पद्धतीत प्रत्येक उदाहरणासाठी स्वतंत्र टेस्ट लिहावी लागे. दहा तारखा तपासायच्या तर जवळजवळ सारखाच मजकूर दहा वेळा लिहायचा, फक्त तारीख आणि उत्तर बदलायचे. कंटाळा येऊन माणूस तिसऱ्या-चौथ्या तारखेवर थांबतो. पॅरामीटराइज्ड टेस्टमध्ये तपासणीची कृती एकदाच लिहितात, तिच्यात इनपुट आणि अपेक्षित उत्तर यांच्या जागा मोकळ्या ठेवतात आणि त्या जागी भरायच्या जोड्यांचा तक्ता बाजूला देतात. साधन तक्त्यातली एकेक ओळ उचलते, कृतीत बसवते आणि प्रत्येक ओळीचा निकाल वेगळा सांगते. जेयुनिटच्या २००६ च्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आली आणि २०१७ च्या पाचव्या आवृत्तीत ती खूपच सुटसुटीत झाली. पायथनच्या पायटेस्टमध्ये आणि डॉटनेटच्या एनयुनिटमध्ये ती आहे. गो भाषेत तर तक्ता मांडून टेस्ट लिहिणे हाच प्रघात आहे.

झूनच्या त्या फंक्शनसाठी असा तक्ता लिहायचा तर तो साधारण असा दिसेल. डावीकडे दिवसाचा क्रमांक, उजवीकडे अपेक्षित वर्ष.

१ — १९८०
३६५ — १९८०
३६६ — १९८०
३६७ — १९८१
७३१ — १९८१
७३२ — १९८२

सहाच ओळी. २००८ साल उजाडण्याची वाट पाहायची गरज नाही, कारण १९८० हेही लीप वर्षच होते. टेस्टला वेळेची मर्यादा घातलेली असती तर तिसऱ्या ओळीवर लाल खूण उमटली असती, आणि तीही प्लेअर कारखान्याबाहेर पडण्याआधी. या ओळी शोधायला असामान्य बुद्धी लागत नाही. वर्षाचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस, हे साध्या वर्षासाठी आणि लीप वर्षासाठी लिहीत गेले की त्या आपसूक जमतात. तक्ता समोर असला की ३६५ आणि ३६७ यांच्यामधली जागा मोकळी आहे हे डोळ्यांना खुपते. तीच उदाहरणे सहा वेगवेगळ्या टेस्टमध्ये, पानभर पसरलेली असती, तर एक नसल्याचे कुणाला जाणवलेही नसते. पॅरामीटराइज्ड टेस्टचा खरा फायदा मला इथे दिसतो. टायपिंग वाचते ही तिची सर्वांत किरकोळ बाजू. महत्त्वाचे हे, की ती नियम आणि उदाहरणे वेगळी करते, उदाहरणे एकाखाली एक मांडते, आणि अशा मांडणीत जे तपासलेले नाही तेही दिसू लागते.

कोणत्या ओळी लिहायच्या याचे शास्त्र या साधनांपेक्षा जुने आहे. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ च्या ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकात दोन कल्पना ठसवल्या. पहिली अशी, की इनपुटांचे गट पाडावेत. एका गटातल्या सगळ्या इनपुटांना प्रोग्रॅमने सारखीच वागणूक देणे अपेक्षित असते, म्हणून प्रत्येक गटाचा निदान एक प्रतिनिधी घ्यावा. दुसरी अशी, की दोष बहुधा गटांच्या सीमेवर सापडतात, म्हणून सीमेवरचा, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा घ्यावाच. लीप वर्षाचा ग्रेगोरियन नियम घ्या. चारने भाग जातो ते लीप, पण शंभरने भाग जातो ते नाही, आणि चारशेने भाग जातो ते पुन्हा लीप. इथे गट चार पडतात, आणि २०२३, २०२४, १९०० व २००० या चार ओळींत ते चारही येतात. कुणी २००८, २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशा पाच ओळी लिहिल्या तर संख्या वाढली, पण गट एकच तपासला गेला. मायर्स यांची रीत शिकवणारे अनेक, पण ती पाळली गेली की नाही हे एरवी तपासता येत नाही. तक्त्यात ते एका नजरेत कळते.

तक्त्याचा दुसरा उपयोग कोड न वाचणाऱ्यांना आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, शक संवतावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचा नियम असा: एरवी १ चैत्र २२ मार्चला येतो आणि चैत्र ३० दिवसांचा असतो, इंग्रजी वर्ष लीप असेल तर १ चैत्र २१ मार्चला येतो आणि चैत्र ३१ दिवसांचा होतो. १ वैशाख मात्र नेहमी २१ एप्रिललाच. एखाद्या प्रोग्रॅमरला तारखांचे रूपांतर करणारे फंक्शन लिहायचे आहे असे धरा. त्याच्या टेस्टच्या तक्त्यात २१ मार्च २०२४ म्हणजे १ चैत्र १९४६, २२ मार्च २०२३ म्हणजे १ चैत्र १९४५, २० एप्रिल २०२४ म्हणजे ३१ चैत्र, २० एप्रिल २०२३ म्हणजे ३० चैत्र, अशा ओळी असतील. या ओळी दिनदर्शिका जाणणाऱ्या माणसाला दाखवल्या तर कोडचे अक्षरही न वाचता तो त्या तपासेल, आणि ‘अहो, २१ मार्च २०२३ कुठे आहे? तो मागच्या वर्षाचा ३० फाल्गुन येतो का ते बघितलंत का?’ असे विचारीलही. आयकर, कर्जाचे व्याज, औषधाची मात्रा, सगळीकडे नियम जाणणारा एक असतो आणि कोड लिहिणारा दुसरा. त्या दोघांना एकत्र बसून वाचता येईल असा कागद फार थोड्या ठिकाणी सापडतो. हा तक्ता तसा कागद आहे.

यावर प्रोग्रॅमर मंडळींचे आक्षेप आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला वाचनीयतेचा. स्वतंत्र टेस्टला ‘लीप वर्षाचा शेवटचा दिवस त्याच वर्षात मोजावा’ असे बोलके नाव देता येते. तक्त्यातली तिसरी ओळ फेल झाली म्हणून कळवले तर माणसाला काय बोध होणार? आक्षेप खरा आहे, पण त्याचा इलाज साधनांतच आहे. जवळपास सगळ्या साधनांत प्रत्येक ओळीला नाव देता येते, आणि ते दिले नाही तर दोष आळसाचा आहे. याच आक्षेपाचा जुळा भाऊ म्हणजे ‘मग साध्या टेस्टमध्ये एक लूप टाकून यादी फिरवली तर काय बिघडले?’ बिघडते हे, की लूपमध्ये पहिल्या चुकीला टेस्ट थांबते आणि पुढच्या ओळींचे काय झाले ते कळत नाही. वीसपैकी एकच ओळ फेल आहे की सीमेवरच्या सगळ्याच फेल आहेत, यावरून दोष कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या चुकीला थांबणारी तपासणी तो अंदाज हिरावून घेते.

दुसरा आक्षेप फुगवट्याचा. ओळ वाढवणे इतके सोपे झाले की लोक शंभर ओळी लिहितात, अहवालात शंभर हिरव्या खुणा येतात, आणि वरिष्ठांना वाटते की काम चोख आहे. लीप वर्षाच्या पाच ओळींचे उदाहरण वर आलेच. तसा फुगवटा शंभर ओळींचाही असू शकतो. त्यामुळे ओळींची संख्या हे गुणवत्तेचे माप मानू नये, हे मान्यच करायला हवे. पण फुगवटा स्वतंत्र टेस्टमध्येही होतो, फक्त तिथे तो दिसत नाही. तक्त्यात एकाच गटाच्या पाच ओळी एकाखाली एक आल्या की कोड तपासणारा सहकारी विचारू शकतो, की यांतल्या चार कशासाठी? ओळीला कारण सांगता येत नसेल तर ती काढावी, हा नियम पाळणे तक्त्यामुळे सोपे होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सगळ्या उदाहरणांना एकाच कृतीत बसवायच्या हट्टापायी टेस्टच्या आतच ‘जर–तर’ शिरू लागतात. ही ओळ असेल तर उत्तर तपास, ती असेल तर एरर यायला हवी, तिसरी असेल तर आधी वेगळी तयारी कर. कधी त्याहून वाईट होते: अपेक्षित उत्तर हाताने लिहिण्याऐवजी टेस्ट ते स्वतःच मोजते, आणि बहुधा मूळ कोडच्याच रीतीने मोजते. मग कोड चुकला तर टेस्टही त्याच्या जोडीने चुकते आणि दोघांचे एकमत होते. या दुखण्याला औषध एकच, आणि ते कडक आहे. कृती सरळ रेषेत जाणारी हवी, तिच्यात फांद्या नकोत. वागणूक वेगळी असेल तिथे तक्ताही वेगळा हवा. वैध तारखांचा एक, अवैध तारखांचा दुसरा. आणि उत्तरे तक्त्यात लिहिलेलीच हवीत, स्वतंत्र आधारावरून. ती लिहिताना निर्णयही नोंदले जातात. मायक्रोसॉफ्ट एक्सेल १९०० हे वर्ष लीप धरते, म्हणजे २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख त्यात आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये तसे होते आणि त्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ते जाणूनबुजून ठेवले. एक्सेलशी जुळवून घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या तक्त्यात ‘१९०० — लीप’ ही ओळ पंचांगाच्या दृष्टीने चूक आणि कामाच्या दृष्टीने बरोबर असेल. टेस्टने उत्तर स्वतः मोजले असते तर हा निर्णय कुठेच लिहिलेला सापडला नसता.

चौथा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे: ओळी हाताने लिहायच्याच कशाला, यंत्राकडून का घेऊ नयेत? कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केल भाषेसाठी क्विकचेक हे साधन मांडले. त्यात माणूस फक्त गुणधर्म सांगतो आणि इनपुट यंत्र मनाला येईल तसे तयार करते. निकोलाय टिलमान आणि वोल्फ्राम शुल्टे यांनी २००५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून ‘पॅरामीटराइज्ड युनिट टेस्ट’ या नावाने जी कल्पना मांडली, तिच्यातही कोडचे विश्लेषण करून इनपुट शोधण्याचे काम यंत्राचेच होते. तारखांच्या बाबतीत तर याहून पुढे जाता येते. ग्रेगोरियन चक्र ४०० वर्षांचे, म्हणजे १,४६,०९७ दिवसांचे, आणि आजचा संगणक ते सगळेच्या सगळे क्षणात तपासू शकतो. झूनचा दोष अशा तपासणीतही सुटला नसता. मग तक्ता का हवा? कारण इनपुट देणे सोपे आहे, बरोबर उत्तर सांगणे अवघड. १,४६,०९७ दिवसांची उत्तरे कुणी हाताने लिहिणार नाही. म्हणून यंत्राला गुणधर्म द्यावे लागतात, जसे की तारखेचा क्रमांक काढून त्याची पुन्हा तारीख केली तर मूळची तारीख मिळावी. पण जाताना आणि येताना सारखीच चूक करणारा कोड ही परीक्षा हसतहसत पास होतो. हाताने लिहिलेली, बाहेरून पडताळलेली मूठभर उत्तरे त्याला अडवतात. दोन्ही रीती एकमेकींच्या पूरक आहेत. यंत्राने एखादी चूक शोधून काढली की ते इनपुट तक्त्यात कायमची ओळ म्हणून उतरवायचे, ही त्यांची चांगली सांगड.

शेवटचा आक्षेप मुळावर घाव घालणारा आहे: जे सुचलेच नाही ते तक्त्यात कसे येणार? जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केले, की जावाच्या ग्रंथालयातल्या, त्यांनीच लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमवार यादी मधोमध विभागत शोध घेणाऱ्या कोडमध्ये, सुमारे नऊ वर्षे एक दोष लपून होता. यादीचा मध्य काढण्यासाठी दोन टोकांचे क्रमांक मिळवून दोनने भागायचे, ही रीत कुणालाही निर्दोष वाटेल. पण यादी शंभर कोटींच्या घरात गेली की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या ३२ बिटांच्या मर्यादेपलीकडे जाते आणि उत्तर ऋण येते. एवढी यादी टेस्टमध्ये घेण्याचे कुणाच्या डोक्यात येणे कठीण, आणि आले तरी ती चालवणे महाग. तरीही इथे तक्त्याची शिस्त उपयोगी पडते. मध्य काढणारी ती एक ओळ वेगळे फंक्शन म्हणून बाहेर काढली, तर तिला यादी लागत नाही, दोन आकडे पुरतात. आणि दोन आकड्यांचा तक्ता करायला बसले की ‘सर्वांत मोठा आकडा’ ही ओळ सवयीनेच लिहिली जाते. तक्ता लिहायचा म्हटले की नियम सुटे करावे लागतात, आणि सुट्या नियमांच्या सीमा दिसतात. याउपर जे सुटेल ते सुटेल. टेस्ट दोष असल्याचे दाखवू शकते, नसल्याचे सिद्ध करू शकत नाही, हे एड्सगर डाइक्स्ट्रा फार पूर्वी सांगून गेले आहेत.

मग इतका खटाटोप कशासाठी? दोष कायमचे संपत नसले तरी तेच दोष पुन्हा पुन्हा घडणे नक्की थांबवता येते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टचीच अझूर ही क्लाउड सेवा कोलमडली. वर्षभर चालणाऱ्या प्रमाणपत्राची अखेरची तारीख काढताना कोडने वर्षात फक्त एक मिळवला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही नसलेली तारीख तयार केली. हा दोष झूनपेक्षा वेगळा, पण कुळ तेच, आणि त्यासाठीही ओळ एकच पुरली असती. तारखांच्या कोणत्याही तक्त्यात आता २९ फेब्रुवारी, लीप वर्षाचा ३१ डिसेंबर, १९०० आणि २००० असायलाच हवेत, कारण त्यांची किंमत इतरांनी मोजलेली आहे. दोष सापडला की आधी ती ओळ लिहावी, ती फेल होताना पाहावी आणि मगच कोडला हात लावावा. कोड पुढे कुणीतरी नव्याने लिहील, भाषा बदलेल, माणसे नोकरी सोडून जातील. नियम मात्र बहुधा तोच राहील, आणि त्याची अवघड ठिकाणे नव्या माणसाला त्या तक्त्यातच वाचायला मिळतील.